वहिनीने न चाखलेला हलाया

आमच्या बासिलिसा वहिनीच्या हातचा कोनफळाचा गोड हलाया सगळ्या पांगलाओ बेटावर नावाजलेला, आणि तिने स्वतः तो चौदा वर्षं तोंडात घातला नव्हता. हे ऐकलं की माणसं आधी हसतात, मग विचारतात, अगं मग गोडी कमी-जास्त तिला कळते कशी? तिला कळतच नाही. ती माझ्याकडे बघते. मी तिची नणंद, पास्तोरा. घर तिच्या घराला लागून, लग्न केलं नाही, बोलायला फटकळ पण चवीला पक्की, असा माझा लौकिक. हलाया घट्ट होत आला की ती लाकडी उलथन्याच्या टोकावर बोटभर घ्यायची, माझ्यासमोर धरायची आणि म्हणायची, बघ गं. मी चाखून सांगायची, अजून मूठभर साखर, नाहीतर अजून अर्धा तास, नाहीतर झालं, उतरव. एवढंच माझं काम, पण ते माझ्याशिवाय कुणाला जमायचं नाही.

हलाया करायला सोपा वाटतो. जांभळी कोनफळं सालासकट उकडायची, सोलायची, किसायची, नारळाच्या दाट दुधात साखर घालून चढवायची आणि घोटत राहायचं. घोटत राहायचं म्हणजे दोन-अडीच तास हात थांबवायचा नाही, थांबला की तळ धरलाच. शहरातल्या बायका डब्यातलं दूध ओततात आणि वर रंगाची बाटली उपडी करतात. वहिनी त्याला हलाया म्हणत नाही, भिंतीचा रंग म्हणते. कुणी प्रमाण विचारलं तर "पुरेल इतकं" एवढंच सांगते. एकदा ताग्बिलारानहून एक शिकलेली बाई वही घेऊन आली होती, साखर किती, दूध किती लिहायला. तिच्या हातात वहिनीने उलथनं दिलं आणि स्वतः डुकरांना घालायला गेली. बाईची वही कोरीच परत गेली.

स्वभावाने अशी. एकोणिसाव्या वर्षी आमच्या घरात सून म्हणून आली आणि पहिल्याच दिवशी माझ्या आईला म्हणाली, तुमचा सुरा बोथट आहे. आई आठ दिवस तिच्याशी बोलली नाही. माझा भाऊ आनाक्लेतो मात्र मुकाट उठून सुरा पाजवून घेऊन आला. तो सगळं मुकाटच करायचा. होडी घेऊन पहाटे जायचा, मासळी आणायचा, ताटात पडेल ते खायचा. त्या दोघांत भांडण म्हणजे ती एकटी बोलायची आणि तो जाळं विणायचा.

आमच्या बेटावर कोनफळ हातातून पडलं तर उचलून त्याचा मुका घ्यायचा असतो. दुष्काळात याच कंदाने पणज्या-खापरपणज्यांना जगवलं, त्याची आठवण. आम्ही सगळेच घेतो, उगाच ओठ लावल्यासारखं करून टोपलीत टाकतो. वहिनी तशी नाही. ती पडलेलं कोनफळ दोन्ही हातांनी उचलणार, माती पुसणार, मुका घेणार आणि वर विचारणार, लागलं का रे तुला? चुकले मी. जी बाई नवऱ्याला, सासूला, नणंदेला, पाद्रीबाबांना, कुणाला म्हणजे कुणालाच उभ्या जन्मात "चुकले" म्हणाली नाही, ती कोनफळाला म्हणते. मला त्याचा राग यायचा. खरं सांगते, अजून येतो.

तिचा चौदा वर्षांचा उपासही याच स्वभावातून आला. आनाक्लेतो एका सकाळी समुद्रावरून परत आला, होडी बांधली, वाळूत बसला आणि उठला नाही. त्यांचा एकुलता एक मुलगा रुफिनो तेव्हा चोवीस वर्षांचा, मालवाहू जहाजाच्या इंजिनघरात कामाला. जहाज भर समुद्रात. आम्ही प्रेत टिकायचं औषध भरून नऊ दिवस घरात ठेवलं. रोज संध्याकाळी प्रार्थना, रोज रात्री जागरण, येणाऱ्या-जाणाऱ्याला कॉफी, आणि वहिनी दाराकडे तोंड करून बसलेली. रुफिनो काही पोचला नाही. बंदर लागल्याशिवाय कप्तान त्याला उतरवणार कुठे? दहाव्या दिवशी आम्ही भावाला पुरलं आणि त्याच संध्याकाळी रुफिनोचा फोन आला. घर माणसांनी भरलेलं. सगळ्यांच्या देखत ती फोनवर म्हणाली, "बापाला मूठमाती द्यायला आला नाहीस. आता माझ्या हातचं खायलाही येऊ नकोस."

आणि फोन ठेवला. पलीकडून तो काही म्हणाला की नाही, ते तिने कुणाला सांगितलं नाही.

शब्द तोंडातून गेला तो गेला. मला वाटलं, आठ दिवसांत पोराला फोन करेल. छे! आणि पोरगाही तिचाच, येऊ नको म्हणाली ना, मग नाही आला. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, इथे तर दोन सुंभ. चाळीसाव्या दिवसाची प्रार्थना झाली तशी ती एकटीच दाउइसच्या चर्चमध्ये गेली, मातेसमोर गुडघे टेकले आणि नवस बोलली, की रुफिनो माझ्या टेबलाशी बसून माझा हलाया खाईल तेव्हाच मी कोनफळाचा कण तोंडात घालीन. पोराला "ये" म्हणणं जमलं नाही, मातेला म्हणाली. त्याला एक फोन केला असता तर काम झालं असतं, पण नाही. हा नवस फक्त मला ठाऊक, कारण चव बघायला कुणीतरी हवं होतं. मीही कबूल केलं. म्हटलं, फार तर वर्षभर.

एका वर्षाची चौदा कधी झाली कळलं नाही. रुफिनो मोठमोठी खोकी पाठवायचा, साबण, कॉफी, टॉवेल. वहिनी ती उघडायची आणि अर्ध्याहून जास्त वाटून टाकायची. फोन करायचा तो मला. आत्या, आई कशी आहे? मी म्हणायची, तिलाच विचार. तो म्हणायचा, नको. मग मी तिला सांगायची की रुफिनोने विचारलंय. ती म्हणायची, विचारू दे. आणि त्या दिवशी हलायात साखर हमखास जास्त पडायची. ते मला जिभेवर कळायचं.

आता माझं सांगते, कारण पुढचा सगळा घोळ माझ्यामुळे झाला. मागच्या जूनमध्ये मला साथीचा ताप आला. दहा दिवसांत उतरला, पण जाताना माझी चव आणि वास दोन्ही घेऊन गेला. पेजेला चव नाही. सुक्या मासळीला वास नाही. मिरची चावली तर नुसती आग, चव नाही. म्हटलं येईल परत. जुलै गेला, ऑगस्ट गेला, मी तशीच. दवाखान्यातली मुलगी म्हणाली, येईल कदाचित, कदाचित नाही. मी कुणाला बोलले नाही. त्रेसष्ट वर्षांची मी, ना नवरा ना पोर. या दोन घरांत माझा उपयोग काय, तर चव सांगणं. तेही गेलं म्हटल्यावर मी कोण?

नोव्हेंबरमध्ये नवी कोनफळं निघाली आणि कढई चढली. उलथनं माझ्यासमोर आलं, बघ गं. मी चाखलं. गरम होतं, चिकट होतं, बस. वहिनी वाट बघत होती. मी कढईकडे बघितलं, कडेला चकाकी आली होती, बुडबुडे जड आवाजाने फुटत होते, तिचा दंड थरथरायला लागला होता. म्हणाले, झालं, उतरव. आणि काय सांगू, लोकांनी बोटं चाटली. डिसेंबरपर्यंत सात-आठ कढया मी अशाच डोळ्यांनी पार पाडल्या. मला तर वाटायला लागलं, जिभेची गरजच काय होती मला? चोरी पचली की चोराला आपण शहाणे वाटतो, तसं झालं.

नाताळच्या दिवशी दुपारी फोन वाजला, या वेळी तिच्याच घरी. मी तिथेच होते. ती बराच वेळ नुसती ऐकत होती. मग म्हणाली, "ये. तुला अडवलंय कुणी?" फोन ठेवला आणि होती तिथेच जमिनीवर बसली. रुफिनोने विचारलं होतं, जानेवारीत नव्या जहाजावर चढण्याआधी दोन दिवस सुट्टी आहे, येऊ का. येऊ का! स्वतःच्या घरी येताना पोराने परवानगी मागितली आणि हिने ती अशी दिली.

त्यानंतर तीन आठवडे तिने मला नुसतं पिडलं. कोनफळं कुठली घ्यायची, तर आतून गर्द जांभळी आणि उकडताना घमघमणारीच. चार ठिकाणची आणली आणि दोन ठिकाणची परत केली. मध्येच थांबून विचारायची, अगं, चव कशी असते गं त्याची? विसरले मी. मी सांगायची, नारळासारखी, थोडी दुधासारखी, थोडी... आणि अडायची. मलाही नीट आठवेना. आठवणीतली चव खरी की मी मनाने लावलेली, हेच कळेना. ती म्हणायची, शनिवारी कळेल. शनिवारी तो येणार होता, सोमवारी सकाळच्या बोटीने जाणार होता. मधल्या त्या वेळात त्याने तिच्या टेबलाशी बसून खायचं आणि तिने त्याच्याबरोबर खायचं, एवढ्यासाठी तिने चौदा वर्षं तोंड बांधून ठेवलं होतं.

शनिवारी पहाटे तिने नारळ खवले, दूध पिळलं, पातेल्यात घालून वर फडकं बांधलं. कोनफळं किसून तयार. सेबूहून बोट दहाला येणार, ती धक्क्यावर जाणार, मी आठला कढई चढवणार, म्हणजे तो घरात पाय ठेवेल तेव्हा हलाया गरम असेल, असं सगळं ठरलं. जाताना म्हणाली, दुधाचा वास घेऊन बघ हं चढवण्याआधी. मी म्हटलं, मला शिकवतेस?

साडेसातला तिचा फोन. समुद्र खवळलाय, बोट उशिरा सुटणार, थांब. दहाला पुन्हा, अजून थांब. बाराला पुन्हा. मी म्हटलं, अगं करून ठेवते ना, गार झाला तर काय बिघडतं? तर नाही. गरमच हवा. तिला कोण समजावणार? दूध तसंच पातेल्यात आणि ऊन पत्र्यावर. तीनला फोन आला की बोट दिसायला लागली, आता चढव.

फडकं काढलं. दुधावर साय जमली होती आणि तिच्याखाली बारीक बारीक बुडबुडे. मी नाक अगदी पातेल्यात घातलं. काही नाही. बोट बुडवून चाटलं. काही नाही. बुडबुडे कशाचे? हलवल्यामुळे आले असतील? पण हलवलं कुणी? मी पातेल्याभोवती फेऱ्या मारल्या. शेजारणीला हाक मारून "जरा वास घे" म्हटलं असतं तर मिनिटात निकाल लागला असता. पण ती विचारणार, तुझ्या नाकाला काय झालं? आणि शेजारणीच्या कानावर पडलेलं रात्रीपर्यंत वेशीवर. पुन्हा नारळ खवायला वेळ नव्हता, असं मी स्वतःला सांगितलं. वेळ होता. तासाभरात सहा नारळ खवले असते मी. पण मी दूध कढईत ओतलं.

साडेचारला ती दोघं आली. रुफिनो अडतिसाचा झालाय, कानांजवळ पांढरं दिसतं. मी त्याला जवळ घेतलं. वहिनी त्याची पिशवी घेऊन पुढे चालत होती, जणू धक्क्यावरचा हमाल. धक्क्यावर काय बोलणं झालं मी त्याला हळूच विचारलं. म्हणाला, आई म्हणाली, बोटीला उशीर झाला. हा म्हणाला, हो, झाला. एवढंच. तो घरात पाहुण्यासारखा वावरत होता. खुर्चीच्या कडेवर बसला, पाणी दिलं तर आभार मानले, बापाच्या तसबिरीसमोर उभा राहिला आणि हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना.

वहिनीने माझ्या हातातून उलथनं घेतलं. जरा वेळाने हुंगून म्हणाली, कसला वास येतोय गं? मी म्हटलं, सोडणं ओली आहेत, धूर कोंडलाय. चूल नारळाच्या सोडणांवरच होती, धूरही होता. तिने मानलं. पुढचा तासभर ती घोटत होती आणि घामाने निथळत होती. मग नेहमीसारखं बोटभर माझ्यासमोर धरलं. बघ गं. मी चाखलं, कढईकडे बघितलं, म्हणाले, झालं, उतरव.

चर्चची संध्याकाळची घंटा झाली तेव्हा आम्ही तिघं टेबलाशी बसलो. तिने मेणबत्ती लावली, प्रार्थना म्हटली, रुफिनोच्या ताटलीत मोठा गोळा वाढला, मग स्वतःच्या. मी आता खात नाही म्हटलं, चाखून चाखूनच पोट भरलंय. तिने रुफिनोकडे बघितलं. त्याने पहिला चमचा तोंडात घातला. चावला, गिळला. "अगदी तसाच आहे, आई," तो म्हणाला. आणि दुसरा घेतला.

मग तिने चमचा उचलला. मी तिच्याकडेच बघत होते. चौदा वर्षं मीही या चमच्याची वाट बघितली होती की नाही? तिने तोंडात घातला आणि तिचा चेहरा थांबला. गिळलं. पाणी प्यायली. पुन्हा एक चमचा घेतला, अगदी छोटा, आणि डोळे मिटून बसली. समोर रुफिनो खाली मान घालून खात होता, तिसरा, चौथा. वहिनीने एकदा त्याच्या ताटलीत बघितलं, एकदा स्वतःच्या, आणि उठून स्वयंपाकघरात गेली. तो घाबरून माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, बस तू, मी बघते.

ती खवणीवर बसली होती, हात मांडीवर. मला बघून म्हणाली, "मातेने नवस नाही घेतला माझा."

मी म्हटलं, काय बोलतेस?

"आंबट आहे. आंबट आणि कडू, साबण खाल्ल्यासारखं. त्याला गोड लागतंय. बघितलंस ना, कसा खातोय? हलाया चांगलाच आहे. हे माझ्या तोंडात आहे." तिने ओठांवर बोटं ठेवली. "याच तोंडाने मी त्याला म्हटलं होतं, माझ्या हातचं खायला येऊ नको. मातेने ते लक्षात ठेवलंय. आता जन्मभर मला हे असंच लागणार."

खोटं कशाला बोलू, क्षणभर मलाही तेच खरं वाटलं. पोरगा म्हणतो गोड. ती म्हणते आंबट. दोघांनी एकाच कढईतलं खाल्लंय. मी तिसरी, मीही तेच चाखलंय, आणि मला काहीच ठाऊक नाही. मातेचा कोप असा असतो का? असेलही. माणसाला बोललेला शब्द तोंडात आंबत राहतो का? आणि मग डोळ्यांपुढे ते बुडबुडे आले. सायीखालचे बारीक बुडबुडे.

तिने माझा हात धरला. माझा हात धरणारी बाई नव्हे ती. म्हणाली, "तू चाखलास ना? तू सांग. तुझ्या जिभेवर माझा विश्वास आहे. कसा होता?"

आता काय सांगू? गोड म्हटलं तर तिच्या गळ्यात धोंडा बांधल्यासारखं. आंबट म्हटलं तर तेही खोटंच, मला कुठे लागलं होतं? आणि खरं म्हटलं तर माझं होतं नव्हतं तेवढं गेलं. मी तिच्या हातातला हात सोडवून घेतला.

"मला माहीत नाही वहिनी," मी म्हटलं. "जूनपासून मला चव नाही. वासही नाही. तापात गेलं सगळं. तेव्हापासून मी तुला नुसतं कढईकडे बघून सांगतेय."

मी थांबले नाही, थांबले असते तर पुढचं बोलले नसते. दुधावर बुडबुडे आले होते, मला दिसले होते, मी तरी ओतलं, हे सगळं सांगितलं. सोडणं ओली नव्हती हेही सांगितलं. ती शिव्या देईल म्हणून मी मान खाली घातली. पण ती माझ्याशी बोललीच नाही. तिने तिथूनच हाक मारली, "रुफिनो. इकडे ये."

तो दारात येऊन उभा राहिला. ती म्हणाली, खरं सांग, कसा झालाय हलाया? तो म्हणाला, छान झालाय आई. ती म्हणाली, पुन्हा सांग. तो म्हणाला, खूप छान, उगाच त्रास घेतलास. आणि तिचा चेहरा असा काही विझला की माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "अरे गाढवा, आईला वाटतंय तिच्या जिभेला शाप लागलाय. तुझ्या त्या छानने ती मरेल. तोंडात काय लागलं ते बोल, पाहुणा आहेस का तू?"

रुफिनोने माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. बोटांनी दाराची चौकट खरवडत राहिला. लहानपणी मार खायच्या आधी असाच उभा राहायचा.

"आंबट आहे," तो म्हणाला. "पहिल्या घासाला कळलं. दूध फिरलंय, आई."

"मग खाल्लास कशाला?"

"चौदा वर्षांनी वाढलंस तू. मी काय म्हणणार होतो?"

"हेच म्हणायचं होतं."

"हाकललं असतंस परत, मग?" तो म्हणाला. "एकदा हाकललंस. तेव्हा कप्तानाचे पाय धरले होते मी, आई. नऊ दिवस रोज. त्याला म्हटलं, छोटी होडी सोड, मी जातो वल्हवत. हसला तो. बंदराला लागताक्षणी तुला फोन केला तर तू..." चौदा वर्षांत त्याने हे मलाही सांगितलं नव्हतं.

वहिनीचे ओठ हलत होते, पण शब्द बाहेर येत नव्हता. मला वाटलं, आता म्हणेल. कोनफळाला म्हणते, पोराला एकदा म्हणेल. नाहीच म्हणाली. ती उठली, त्याच्यापाशी गेली, पदर तर आमच्याकडे नसतो, झग्याच्या बाहीने त्याचं तोंड पुसलं, आणि त्याला ढकलत ढकलत टेबलाशी घेऊन गेली.

बसली. स्वतःची ताटली ओढली आणि चांगला भरून चमचा तोंडात घातला. मी म्हटलं, अगं वहिनी, पोट बिघडेल. तिने हाताने मला गप्प केलं. जिभेवर घोळवला, चावला, तोंड वाकडं झालं, डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"आंबटच आहे," ती म्हणाली. "खरंच आंबट आहे रे."

"आहेच," रुफिनो म्हणाला. "बाबा असते तर त्यांनीही टाकला असता."

"तुझ्या बापाने मुकाट खाल्ला असता."

"हो," तो म्हणाला. "आणि मग रात्रभर परसात." आणि हसला. त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा हसला. मग तीही हसायला लागली आणि हसता हसता घास घ्यायला लागली, आंबट, आंबट म्हणत, एकामागून एक. रुफिनोनेही पुन्हा चमचा उचलला. मी उभीच होते. मला वाटलं, आता मी आपल्या घरी जावं, इथे माझं काम संपलं. तेवढ्यात वहिनीने कढईतला मोठा गोळा तिसऱ्या ताटलीत थापला आणि माझ्याकडे सरकवला.

"बस खाली," ती म्हणाली. "तुला तर काय, सगळं सारखंच. आमच्यापेक्षा जास्त खायला हवास तू."